गीताला सांगायचे कुणी?

रविवारचे रस्ते ओस पाडण्याचा मान दूरदर्शनच्या फार थोड्या मालिकांना मिळाला. १९८७ साली 'रामायण' आले, १९८८ साली 'महाभारत' आले, आणि कुणी कुणाकडे किती वाजता जाऊ नये याचे नवे शिष्टाचारच तयार झाले. त्या दोन्ही वेळी टीव्हीपुढे सारे घर बसत असे. सप्टेंबर १९९७ मध्ये 'शक्तिमान' सुरू झाले तेव्हा चित्र थोडे बदलले. टीव्हीपुढे पोरेसोरे आणि त्यांच्या मागे, पेपर वाचण्याचे निमित्त करून, मोठी माणसे. पोरे उघडपणे पाहत होती आणि मोठी माणसे चोरून. पुढे रविवारी दुपारी बाराची वेळ या मालिकेची म्हणून ठरून गेली आणि २००५ च्या मार्चपर्यंत ती चालली.

त्या वर्षांत मी जरीपटक्यात राहत होतो. मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरवणारी उत्तर नागपुरातली ही वस्ती वाढवली आणि नावारूपाला आणली ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी. लगतच इंदोरा. त्यामुळे आमच्या भागात भांडणे सिंधी, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत होत आणि तिन्ही भाषांत मिटत. अशा गल्लीत एखादी मालिका कशी पाहिली जाते हे पाहणे, मालिका पाहण्यापेक्षा कधी कधी अधिक करमणुकीचे असे. शिकण्यासारखेही असे.

'शक्तिमान'मध्ये मुख्यतः दोन गोष्टी होत्या. एक जादू आणि दुसरी प्रेम. जादूबद्दल त्या काळी घरोघरी बोलणे झाले, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, खुद्द मालिकेतूनही खुलासे झाले. प्रेमाबद्दल मात्र सगळीकडे चिडीचूप. इतक्या वर्षांनी त्या मालिकेकडे वळून पाहताना मला वाटते, जिथे बोलायची जास्त गरज होती तिथेच आपला समाज गप्प बसला.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. शक्तिमान हा योगसाधनेने कुंडलिनी जागृत झालेला, पंचमहाभूतांची शक्ती लाभलेला पुरुष. तो उडतो, स्वतःभोवती गरगर फिरत क्षणात नाहीसा होतो आणि अंधाराचा पुजारी असलेल्या तमराज किल्विषशी झुंजतो. पण जगापुढे तो वावरतो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावाने. हा गंगाधर म्हणजे जाड चष्मा, पुढे आलेले दात आणि पदोपदी फजिती. तो 'आज की आवाज' नावाच्या वर्तमानपत्रात छायाचित्रकाराचे काम करतो. त्याच वर्तमानपत्रात गीता विश्वास नावाची निर्भीड बातमीदार आहे. तिचा जीव शक्तिमानवर जडलेला. गंगाधर तिच्या रोजच्या बसण्या-उठण्यातला, म्हणून तिच्या लेखी विनोदाचा विषय. दोघे एकच आहेत हे गीता सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक!

या भूमिकेत होते मुकेश खन्ना, म्हणजे 'महाभारता'तले भीष्म. आमच्या गल्लीतल्या आजोबा मंडळींना त्याचे मोठे कौतुक. शरपंजरी पडलेले पितामह उठून उडायला लागले, म्हणायचे. विनोदाचा भाग सोडला तरी त्यात एक अर्थ होता. भीष्माने प्रतिज्ञेपुढे अंबेचे काही ऐकून घेतले नाही. इथेही जगाला वाचवण्याचे व्रत घेतलेला पुरुष आणि त्याच्यापुढे उभी असलेली एक स्त्री, असाच सामना होता. कपडे बदलले होते, प्रश्न जुनाच होता.

आता आधी जादूचे पाहू. मालिका लोकप्रिय झाली तशी गल्लीतली यच्चयावत पोरे एक हात वर करून स्वतःभोवती फिरू लागली. जरीपटक्याच्या बाजारात लालभडक कापडावर सोनेरी चक्र शिवलेले पोशाख टांगलेले दिसू लागले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून काळजी वाटावी अशा बातम्याही आल्या. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याचे त्यांत म्हटले होते. मालिका बंद करा, अशी मागणी झाली. मग मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन, हे सारे कॅमेऱ्याचे काम आहे, घरी करून पाहू नका, असे मुलांना सांगू लागले.

ती काळजी फुकाची होती असे मी म्हणणार नाही. एका मुलाचाही प्रश्न असला तरी तो मोठाच. चार-पाच वर्षांच्या पोराला खेळ आणि खरे यांतली रेघ पुसट दिसते. त्याला मोठ्या माणसाने हात धरून समजावलेच पाहिजे. पण त्याहून मोठ्या मुलांचे काय? मी त्यांना रोज पाहत होतो. ती भिंतीवरून उडी मारीत, पण मारण्यापूर्वी भिंतीची उंची नीट पाहून घेत. राज्य कुणावर याचा वाद मिटल्याशिवाय कुणी किल्विष व्हायला तयार नसे. आईने जेवायला हाक मारली की जगाचा संहार अर्ध्यावर टाकून किल्विष आणि शक्तिमान हात धुवायला पळत. शेंडेफळ खरोखरच उडायला निघाले तर मोठी बहीण त्याच्या सदऱ्याचे टोक धरून ठेवी. जादू हा खेळ आहे हे त्यांना चांगले कळत होते.

मोठ्यांच्या जगातही जादूची चर्चा मोकळेपणी झाली. ज्या नागपुरातून श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे राहिले, तिथे कुंडलिनी जागी झाली की माणूस उडतो का, हा प्रश्न चहाच्या टपरीवर निघणारच. कुणी म्हणे योगाची थट्टा चालवली आहे, कुणी म्हणे निदान त्या निमित्ताने पोरे सूर्यनमस्कार तरी घालतात. पुढे २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदाही केला. थोडक्यात, जादूच्या बाबतीत आपण सावध आहोत. मुलांना बजावतो, वाद घालतो, प्रसंगी कायदा करतो. आणि ते योग्यच आहे.

पण त्याच मालिकेत गीताचा प्रसंग आला की घरोघरी काय होत असे? गीता शक्तिमानकडे डोळे भरून पाहू लागली, पार्श्वसंगीत हळुवार झाले, की वडिलांना पेपरातले काहीतरी महत्त्वाचे सापडे. आईला गॅसवरच्या दुधाची आठवण होई. दहा-बारा वर्षांची मुलगे मंडळी 'बोअर आहे' म्हणून ओरडत आणि मारामारी कधी येते याची वाट पाहत. मुली मात्र तेवढ्या वेळात हलत नसत. त्या काही बोलत नसत, पण त्यांचे सारे लक्ष तिथेच असे.

एकदा आमच्या शेजारच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, हा गंगाधर तिले सांगून काहून नाही टाकत?" मी म्हटले, "अगं, मग मालिका संपेल ना!" ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाही. इतकी ताकद आहे त्याच्यात, मग घाबरते कायले?" तिची आई आतून ओरडली, "शेंडी-वेणी घाल आधी, आणि अभ्यासाले बस." प्रश्न तिथेच राहिला.

मला तो प्रश्न त्या मालिकेवरच्या साऱ्या टीकेपेक्षा मार्मिक वाटत आला आहे. दगड फोडणारा, आगीतून चालणारा पुरुष एका मुलीला 'मी कोण आहे' एवढे सांगू शकत नाही. ती ज्याला हसते तोही आपणच आणि ती ज्याच्यासाठी झुरते तोही आपणच, हे तो जाणून आहे. ती मात्र अंधारात. या व्यवहाराला प्रेम म्हणायचे की लपंडाव? मुलांच्या मनात हा प्रश्न उभा राहत होता आणि उत्तर द्यायला घरात कुणी नव्हते. मालिकेच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' नावाचा एक भाग असे. एखादा मुलगा काही चूक करी, शक्तिमान समजावी, मुलगा 'सॉरी शक्तिमान' म्हणे. स्वच्छता, शिस्त, वडीलधाऱ्यांशी वागणे असे विषय त्यात येत. चांगला उपक्रम होता. पण आवडलेल्या माणसाशी खरे कसे बोलावे, तो किंवा ती नाही म्हणाली तर काय करावे, ही 'मोटी बात' त्या यादीत नव्हती. ती आपल्या घरांच्या यादीतही नव्हती.

म्हणजे हा विषय आपल्या परंपरेत नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. आमच्या गल्लीत सिंधहून सून म्हणून आलेल्या एक वृद्ध बाई होत्या. सारी गल्ली त्यांना अम्मा म्हणे. त्या 'शक्तिमान' पाहत आणि नाक मुरडत. जादूच पाहायची तर मूमल-राणोची गोष्ट ऐका, म्हणत. सिंधमध्ये ही कथा घरोघरी ठाऊक. शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या काव्यामुळे ती अमर झाली. मूमल नावाची राजकन्या, तिची बहीण सूमल हिने उभारलेला काक महाल. महालाभोवती मायावी चक्रव्यूह, दारात नकली सिंह, जिथे पाणी दिसते तिथे पाणी नाही. जो हे सारे पार करील त्यालाच मूमल वरणार. उमरकोटचा राणो मेंधरो युक्तीने ती सारी माया ओळखतो. पाण्यात सुपारी टाकून पाहतो, ती वाजते, म्हणजे पाणी खोटे! तो महालात पोहोचतो आणि मूमलला जिंकतो.

इतवर पोरे डोळे विस्फारून ऐकत. पण अम्मांची गोष्ट इथे संपत नसे. एके रात्री राणोला यायला उशीर होतो. सूमल पुरुषी वेषात मूमलच्या शेजारी झोपलेली असते. राणो येतो, पाहतो, संशय घेतो, हातातली काठी तिथेच ठेवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. मूमल पुढे त्याची कितीतरी मनधरणी करते. तो मानत नाही. शेवट दोघांच्याही मृत्यूत होतो. अम्मा म्हणत, "खोटे पाणी ओळखायला सुपारी होती त्याच्याजवळ. खरी बायको ओळखायला तोंड होते, ते उघडले नाही."

अम्मांना लिहिता-वाचता फारसे येत नव्हते. पण जादू आणि प्रेम या दोन गोष्टी एकाच कथेत कशासाठी येतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कथेतली जादू माणसाला दारापर्यंत नेऊन सोडते. दाराच्या आत त्याला स्वतःच्या पायांनी जावे लागते आणि स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते.

परदेशातल्या महानायकांची स्थिती याहून फार निराळी नाही. १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅन जन्मला आणि त्याच्याबरोबरच लोइस लेन ही बातमीदारही. गंगाधरचा चष्मा आणि गीताची नोकरी त्याच घराण्यातली, हे उघड आहे. नुसता चष्मा लावलेल्या सहकाऱ्याला लोइसने ओळखू नये यावर तिथल्या चाहत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले आणि तरीही तिची वाट पाहणे त्यांना आवडत राहिले. १९९३ साली सुरू झालेल्या 'लोइस अँड क्लार्क' या मालिकेने तर प्रेमालाच मुख्य स्थान दिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये दोघांचे लग्न होणार असे गाजवून, ऐन वेळी नवरीच्या जागी तिची हुबेहूब नक्कल उभी केली. चाहते भडकले. आम्हांला राक्षस नको, यंत्रे नकोत, हे लग्न तेवढे प्रामाणिकपणे दाखवा, असा त्यांचा सूर होता. ऑक्टोबरमध्ये खरे लग्न लागले आणि १९९७ मध्ये मालिका संपली.

लग्न झाले की महानायकाची जादू ओसरते, असे लेखक मंडळी यावरून मानतात. मला ते पटत नाही. माझ्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ वाचला. १९६४ पासून १९९० पर्यंत ही पुस्तके निघत होती, मराठीतही येत. आमच्याकडे वाचनालयातून ती भाड्याने आणायची आणि संध्याकाळच्या आत परत करायची, असा रिवाज होता. वेताळ आणि डायना यांचे लग्न मूळ चित्रकथेत १९७७ साली लागले, पुढे त्यांना जुळी मुले झाली. म्हणून वेताळाचा दरारा कमी झाला असे आम्हां वाचकांपैकी कुणाला वाटले नाही. उलट डायना त्याला त्याच्या गुहेत भेटत होती, त्याचे गुपित जाणत होती, स्वतः नोकरी करीत होती. गुपित सांगूनही नायक नायक राहतो, हे त्या चार आण्यांच्या कॉमिक्सने आम्हांला दाखवले होते.

पण इतक्या लांब जायचे कशाला? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर आपल्या विदर्भाच्या लेकीने देऊन ठेवले आहे. महाभारताच्या वनपर्वातली नल-दमयंतीची कथा आपण लहानपणी ऐकतो, ती हंसासाठी. हंस लक्षात राहतो, बाकीचे विसरते. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर ते हेच, असे परंपरा सांगते. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव निघतात. ते नलालाच दूत करून तिच्याकडे पाठवतात. देवांच्या कृपेने तो अदृश्य होऊन अंतःपुरात शिरतो. म्हणजे जादू इथेही आहेच. पण तिच्यापुढे उभे राहिल्यावर तो काय करतो? आपण कोण ते सांगतो, कुणाचा निरोप आणला ते सांगतो. आणि दमयंती त्याला स्पष्टपणे सांगते की तिने वरले आहे ते त्यालाच.

स्वयंवराच्या मंडपात चारही देव नलाचे रूप घेऊन बसतात. पाच सारखे पुरुष. दमयंती गोंधळते, पण हार कुणाच्याही गळ्यात घालून मोकळी होत नाही. ती देवांनाच विनवते की, तुम्ही तुमची खरी खूण दाखवा. मग तिला दिसते: चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या गळ्यातली फुले कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याच्या अंगावर घाम आहे, धूळ आहे, त्याची सावली पडली आहे, त्याची माळ सुकली आहे. ती त्याच्या गळ्यात हार घालते.

गीताने उडणारा निवडला. दमयंतीने घाम आलेला. पुढे त्याच कथेत नल कुरूप बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरी सारथी म्हणून राहतो, तेव्हाही ती त्याला ओळखते. त्याच्या हातचे अन्न चाखून ओळखते. दोन रूपांचा नायक, जादू, वेषांतर, विरह, सारे काही या कथेत आहे. पण तिची नायिका खरे काय ते विचारते, आणि नायक सांगतो. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीला हे कुणी सांगितले असते तर तिला केवढा धीर आला असता!

कुणी म्हणेल, एका पोरांच्या मालिकेवरून एवढा ऊहापोह कशाला? कारण प्रश्न मालिकेचा नाही. मुले प्रेमाविषयीच्या कल्पना कुठून तरी घेणारच. आईवडील गप्प, शाळा गप्प, तेव्हा जे समोर दिसते त्यावरून ती आपापला अंदाज बांधतात. मुलगा असे धरून चालतो की पराक्रम दाखवला, मोटारसायकल दोन्ही हात सोडून चालवली, संकटातून सोडवले की मुलगी आपली झाली. मुलगी असे धरून चालते की जो रोज साधेपणाने सोबत चालतो तो काही कामाचा नाही, खरा कुणीतरी आकाशातून यायचा आहे. दोघांपैकी कुणालाही विचारणे आणि ऐकून घेणे शिकवलेले नसते. 'नाही' हे पुरे वाक्य आहे, त्यापुढे काही जोडायचे नसते, हे मुलाला कुणी सांगितलेले नसते.

न सांगितल्याची किंमत किती भयंकर असू शकते हे विदर्भाने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भररस्त्यात पेटवण्यात आले. नागपूरच्या रुग्णालयात आठवडाभर झुंजून ती गेली. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, गुन्हेगाराला जन्मठेप झाली. या घटनेचा कुठल्याही मालिकेशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल आणि मी तो जोडत नाही. पण मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, त्यानंतर किती घरांत बापाने आपल्या वयात आलेल्या मुलाला जवळ बसवून चार शब्द सांगितले? 'गच्चीवरून उडी मारू नकोस' हे सांगायला आपल्याला लाज वाटत नाही. 'नकार पचवायला शीक' हे सांगताना मात्र घसा कोरडा पडतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखवायला घेतले. एकेकाळी हात वर करून फिरणारी पोरे आता स्वतः आईबाप झाली होती. त्यांनी मोठ्या हौसेने आपल्या मुलांना टीव्हीपुढे बसवले. नव्या मुलांना उडण्याचे प्रसंग पाहून हसू आले. त्यांनी त्याहून सफाईदार जादू पाहिलेली. मला गंमत वाटली ती जुन्या मुलींची. गीता पडद्यावर आली की त्या सांगत, "आम्हांला तेव्हा हिचा राग यायचा," किंवा, "आम्हांला हिच्यासारखं पत्रकार व्हायचं होतं." वीस-बावीस वर्षे मनात राहिलेले बोल होते ते. जादू विसरली गेली होती, गीता नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, 'वांडाव्हिजन' ही नऊ भागांची अमेरिकन मालिका आली. आमच्या नात्यातली कॉलेजातली पोरे ती मोबाईलवर, कानांत बोंड्या घालून, आपापल्या कोपऱ्यात पाहत होती. वांडा नावाच्या जादूगारणीचा प्रियकर मेलेला आहे. त्या दुःखात ती आपल्या शक्तीने एक अख्खे गाव बदलून टाकते, त्यात त्याला पुन्हा उभा करते आणि जुन्या विनोदी मालिकांसारखा सुखाचा संसार मांडते. गावातली खरी माणसे मात्र तिच्या मायेत कैद. ही कथा चालू असताना जगभरचे चाहते कशाची वाट पाहत होते? मेफिस्टो नावाच्या सैतानाची! या साऱ्यामागे तोच असणार असे त्यांनी ठरवून टाकले, प्रत्येक प्रसंगात त्याच्या खुणा शोधल्या. तो आला नाही. कारण कथा सैतानाची नव्हतीच. प्रेमाचे माणूस गेले तर काय करावे, आणि आपल्या दुःखापायी इतरांना कैदेत ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे का, एवढाच तिचा प्रश्न होता.

काही पोरे निराश झाली, काही रडली. मी त्यांतल्या एकाला विचारले, "तुला काय वाटलं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिचं दुःख खरं होतं, पण लोकांना असं धरून ठेवणं बरोबर नाही." एवढेच. पण तेवढ्यासाठी मला त्या मालिकेचे आभार मानावेसे वाटले. एरवी ज्या मुलाशी प्रेमाबद्दल बोलायला मला शब्द सापडले नसते, त्याच्याशी वांडाबद्दल बोलता आले.

हाच अशा कथांचा खरा उपयोग आहे असे मला वाटते. अवघड विषयाला थेट हात घालणे आपल्या घरांना जमत नाही, ते आपल्या वळणात नाही. पण गीता, लोइस, मूमल, दमयंती यांच्याबद्दल बोलायला काय हरकत आहे? ते बोलणे आपल्या मुलीबद्दलचे नसते, आपल्या मुलाबद्दलचे नसते, म्हणून कुणी संकोचत नाही. आणि तरीही ते त्यांच्याबद्दलचेच असते.

बोलल्याने मुलांच्या डोक्यात नको ते भरते, अशी भीती काही पालकांना वाटते. त्यांना मी एवढेच म्हणेन की डोके रिकामे राहणार नाही. पूर्वी घरात एक टीव्ही होता. गीता आली की वडील पेपरात तोंड लपवत, पण निदान खोलीत तरी असत. सगळ्यांनी एकच प्रसंग पाहिलेला असे. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. मुलगा काय पाहतो, कुठल्या प्रसंगाला थांबतो, कुठला पुढे ढकलतो, हे आपल्याला कळत नाही. पूर्वी नुसते तोंड उघडायचे होते. आता आधी शेजारी जाऊन बसावे लागेल.

म्हणून या रविवारी एक करून पाहावे. मुलगा किंवा मुलगी जी मालिका पाहत असेल, तिचा एक भाग सोबत बसून पाहावा. जादूवर टीका करू नये, 'असे कुठे असते का' म्हणू नये. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. प्रेमाचा प्रसंग आला की उठून दूध बघायला जाऊ नये. संपल्यावर एकच प्रश्न विचारावा: "त्याने तिला खरे सांगायला हवे होते का?" आणि मग आपण गप्प बसून त्यांचे उत्तर पुरते ऐकावे. उत्तर आपल्या मनासारखे नसेल, कदाचित खांदे उडवून 'माहीत नाही' एवढेच येईल. तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे.